हस्ताचा मुलूख : आष्टी परिसरातील वर्षा-शरद संधिकाळ आणि मराठी साहित्यातील ऋतुभान

मराठी ग्रामीण साहित्यातील पाऊस हा बहुतांशी मृगाचा पाऊस आहे. तापलेली भुई, पहिली सर, मातीचा वास, तिफणीवर धरलेली मूठ आणि पंधरवड्यात हिरवे झालेले रान, ही चित्रमाला कवितेत, कथेत, कादंबरीत आणि पाठ्यपुस्तकांतील धड्यांत इतक्या वेळा आली आहे की, शेतीच्या वर्षाचा आरंभ जून महिन्यात होतो, ही गोष्ट वाचकाने स्वयंसिद्ध म्हणून स्वीकारलेली असते. बीड जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला असलेल्या आष्टी तालुक्यात मात्र हे गृहीतक अपुरे पडते. येथे माणसाच्या भाकरीचे आणि जनावरांच्या कडब्याचे वर्ष भाद्रपद-आश्विनात ठरते. उन्हाळा सरून पाऊस लागण्यापेक्षा पाऊस सरून शरद लागण्याचा काळ येथील शेतकऱ्याला अधिक कसोटीचा वाटतो. या संधिकाळाची भाषा कशी घडली आहे आणि साहित्यातील शरदाशी तिचे नाते काय आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम भूगोल. आष्टी तालुका बालाघाटाच्या पश्चिम बाजूस, अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याला तीन बाजूंनी लागून आहे. बीड जिल्ह्याचा बराचसा भाग गोदावरीच्या खोऱ्यात येतो. आष्टीचे पाणी मात्र मेहकरी, कडी अशा नद्यांवाटे सीनेला आणि सीनेतून भीमेला जाते. डोंगराच्या अंगाला बरड, मुरमाड रान आणि नद्यांच्या काठाने खोल काळी जमीन, अशी येथील मातीची सर्वसाधारण विभागणी आहे. सह्याद्रीने अडविलेल्या नैर्ऋत्य वाऱ्यांचा जून-जुलैमधला पाऊस येथे पोचेपर्यंत निम्मा संपलेला असतो. सप्टेंबरात वाऱ्यांचा जोर ओसरतो, बंगालच्या उपसागराकडून येणारे कमी दाबाचे पट्टे पश्चिमेकडे सरकतात, दुपारी ढग चढतात आणि संध्याकाळी गडगडाटासह पाऊस कोसळतो. सोलापूर, पूर्व अहिल्यानगर आणि पश्चिम बीड या अवर्षणप्रवण पट्ट्यात सर्वाधिक पाऊस बहुधा सप्टेंबर महिन्यातच पडतो, हे या प्रदेशाचे हवामान समजून घेताना प्रथम लक्षात ठेवावे लागते.

त्यामुळे शेतीची रचनाही वेगळी झाली आहे. हलक्या रानात बाजरी, मूग, उडीद, तूर आणि अलीकडच्या काळात कांदा, सोयाबीन, कपाशी ही खरिपाची पिके घेतली जातात. खोल काळी रान मात्र परंपरेने पावसाळाभर मोकळे ठेवले जाई. मोकळे म्हणजे पडीक नव्हे. मृगापासून उत्तरेपर्यंत त्या रानाला कुळवाच्या पाळ्या दिल्या जात. तण निघे, वरचा थर भुसभुशीत राही आणि पडलेला प्रत्येक थेंब खाली मुरे. जुलै-ऑगस्टमध्ये जेव्हा कवीच्या डोळ्यांसमोर सर्वत्र हिरवाई असते, तेव्हा आष्टीच्या शेतकऱ्याचे सर्वांत मोलाचे शेत काळे, उघडे, रिकामे दिसते. आणि ते तसे दिसावे यासाठीच तो राबत असतो. त्या रिकाम्या शेतात ओल साठत असते. डोळ्यांना न दिसणारे हे पीक साहित्यात फारसे आलेले नाही, हे खरे तर नवल नव्हे.

या साठलेल्या ओलीवर रब्बी ज्वारी येते. पेरणीनंतर पावसाचा एकही थेंब न पडता केवळ मातीतल्या ओलीवर आणि थंडीवर फेब्रुवारीपर्यंत तग धरून राहणारे हे पीक आहे. १९३० च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक वाणांतून निवडलेली ‘मालदांडी ३५-१’ ही जात या सर्व पट्ट्यात रुजली आणि पुढे अनेक सुधारित वाण येऊनही लोकांच्या जिभेवरून आणि दावणीवरून ती हटली नाही. धान्याइतकाच तिचा कडबा मोलाचा आहे. शेतीतज्ज्ञ रब्बी ज्वारीच्या पेरणीसाठी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर हा काळ सांगतात. त्याआधी पेरले तर खोडमाशी लागून पोंगे मरतात. त्यानंतर पेरले तर दाणा भरण्याच्या वेळी ओल संपलेली असते. म्हणजे सगळा व्यवहार एका महिन्याच्या फटीतून व्हावयाचा. त्यातही पाऊस पडत असताना पेरता येत नाही. पाऊस थांबून रानाला वाफसा यावा लागतो. पाय चिकटू नये आणि मूठभर माती दाबली तर तिचा गोळा व्हावा, पण टाकल्यावर तो फुटावा, अशी ती अवस्था. काळ्या रानात वाफसा येतो उशिरा आणि जातो लवकर. चार दिवस आधी की चार दिवस नंतर, या प्रश्नाचे उत्तर शेतकऱ्याला दरवर्षी नव्याने शोधावे लागते.

या प्रश्नासाठी त्याच्याजवळ जी कालभाषा आहे ती नक्षत्रांची आहे, ऋतूंची नव्हे. ‘शरद’ हा शब्द आष्टी परिसराच्या बोलीत ऋतुवाचक म्हणून वापरला जात नाही. तो माणसाचे नाव म्हणूनच अधिक परिचित आहे. बोलीतला वर्षाचा विभाग पावसाळा, हिवाळा, उन्हाळा असा तीनपदरी, आणि त्यातल्या पावसाळ्याचे पुन्हा मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त, चित्रा, स्वाती असे अकरा पदर. सूर्य एका नक्षत्रात सुमारे साडेतेरा दिवस असतो. आजच्या पंचांगांनुसार पूर्वा ऑगस्टअखेर लागते, उत्तरा १३ सप्टेंबरच्या आसपास, हस्त २७ सप्टेंबरच्या सुमारास, चित्रा १० ऑक्टोबरला आणि स्वाती २४ ऑक्टोबरच्या सुमारास. तज्ज्ञांनी सांगितलेला पेरणीचा महिना आणि ‘उत्तरा व हस्त’ ही जोडी जवळजवळ तंतोतंत जुळतात. एकाच अनुभवाच्या या दोन नोंदी आहेत. एक शेतातली, दुसरी प्रयोगशाळेतली.

चांद्रमास सोडून शेतकरी सूर्यनक्षत्राकडे का वळला, याचे कारण उघड आहे. सण तिथीवर चालतात आणि तिथी इंग्रजी तारखेच्या हिशेबात दरवर्षी मागेपुढे सरकते. अधिक मास आला की ही ओढाताण विशेष जाणवते. २०२३ साली अधिक श्रावण होता, त्यामुळे दसरा २४ ऑक्टोबरला, म्हणजे स्वातीच्या उंबरठ्यावर आला. २०२४ मध्ये तो १२ ऑक्टोबरला चित्रात आणि २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला ऐन हस्तात होता. दसऱ्याला पेरायचे असे ठरविणाऱ्याची पेरणी तीन वर्षांत तीन आठवडे इकडेतिकडे झाली असती. नक्षत्र मात्र दरवर्षी त्याच तारखेला किंवा एखाद्या दिवसाच्या फरकाने लागते. तिथी देवासाठी आणि नक्षत्र रानासाठी, अशी ही व्यवहारी वाटणी आहे. पंचांग एकच, त्यातली पाने वेगळी.

येथे एका गैरसमजाची नोंद करणे आवश्यक आहे. नक्षत्रांच्या पावसाविषयीच्या म्हणी, सहदेव-भाडळीच्या नावावर सांगितली जाणारी भाकिते यांना ‘अनादी काळापासूनचे शहाणपण’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. खगोलशास्त्र तसे म्हणू देत नाही. अयनचलनामुळे सूर्याचा नक्षत्रप्रवेश ऋतूंच्या तुलनेत सत्तर-बहात्तर वर्षांत एक दिवस या गतीने पुढे सरकतो. सातवाहनकाळी हस्ताचे दिवस आजच्यापेक्षा सुमारे चार आठवडे आधी, ऑगस्टअखेर-सप्टेंबरच्या आरंभी येत असले पाहिजेत. म्हणजे हस्ताच्या पावसाने भिंती पडतात किंवा स्वातीच्या पावसाने मोती पिकतात असे सांगणाऱ्या म्हणींना आजचा नेमका अर्थ आहे तो गेल्या काही शतकांतला. लोकांनी त्या वेळोवेळी घडविल्या, मोडल्या, पुन्हा जुळविल्या. लोकवाङ्मय स्थिर नसते, याचा हा आकाशातला पुरावा मानावयास हरकत नाही.

हस्त या नावाभोवती लोकांनी जे रचले ते वाङ्मयाच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहण्यासारखे आहे. संस्कृतात हस्त म्हणजे हात. पाच ताऱ्यांचा हा समूह पंजासारखा दिसतो म्हणून ते नाव. पण सूर्य हस्तात असताना हे तारे त्याच्याच तेजात बुडालेले असतात. पाऊस देणारे नक्षत्र शेतकऱ्याला त्या दिवसांत दिसतच नाही. दिसत नसलेल्या हाताच्या जागी त्याने हत्ती आणला. ‘हस्त’चा ‘हत्ती’ होणे उच्चाराने सोपे होतेच, पण सोंडेने पाणी फवारणारा, पायांनी जमीन हादरविणारा, गडगडत येणारा प्राणी या गडगडाटी पावसाला शोभूनही दिसला. शिवाय ‘हत्ती’ला ‘भिंती’चे यमक आपसूक मिळाले. माती-दगडाच्या घरांच्या मुलखात भिंत पडणे ही काही शब्दचमत्कृती नव्हती. पावसाळाभर भिजून जड झालेली भिंत शेवटच्या जोरदार पावसात खचते, हा अनुभव होता. मुलींच्या हादगा-भोंडल्यात पाटावर जो हत्ती मांडतात तो याच नक्षत्राचा. नक्षत्रांना पंचांगकर्ते जी वाहने देतात त्या घोडा, कोल्हा, बेडूक, मोर, म्हैस इत्यादी नऊ वाहनांतही हत्ती आहे. पण तो वेगळा. हत्ती नक्षत्राला वाहन उंदीर असू शकते, आणि मग पावसाचा अंदाज करताना गावातल्या जाणत्यांची चांगलीच पंचाईत होते.

मराठीत या काळाचे दुसरे नाव आहे ‘परतीचा पाऊस’. वृत्तपत्रांनी आणि आकाशवाणीने ते रूढ केले आणि आता ते खेड्यांतही बोलले जाते. हवामानशास्त्राच्या दृष्टीने ते चूक नाही. मोसमी वारे माघारी जातात, त्या वेळचा हा पाऊस. तथापि शब्दाने एक दृष्टिकोन बरोबर आणला. परतीचा म्हणजे निघालेला, संपत आलेला, मुख्य कामगिरी उरकलेला. ज्याचे पीक मृगाच्या पावसावर आले आणि आता कापणीला आहे, त्याला हा पाऊस उपद्रवी पाहुण्यासारखा वाटतो; त्याचे सोयाबीन भिजते, बाजरीच्या कणसांना कोंब येतात. ज्याचे काळे रान वाट पाहत आहे, त्याला हाच पाऊस आलेला वाटतो, परतलेला नव्हे. ‘हत्तीचा पाऊस’ आणि ‘परतीचा पाऊस’ यांत केवळ शब्दांचा फरक नाही. पहिल्या नावात शेतकरी शेतात उभा राहून वर पाहतो. दुसऱ्यात कोणीतरी नकाशावर उभे राहून खाली पाहते. आता आष्टीतही खरीप वाढल्यामुळे एकाच घरात दोन्ही दृष्टी नांदतात, आणि सप्टेंबरातल्या एकाच सरीने एका रानाचे भले व दुसऱ्याचे वाटोळे होते. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात झालेल्या अतिवृष्टीत सीनेला मोठा पूर आला, नदीकाठची उभी पिके गेली आणि अनेक ठिकाणी पिकांबरोबर मातीही वाहून गेली. तेव्हा हत्तीची वाट पाहणाऱ्या मुलखात उत्तरेनेच सोंड मारली. याउलट २०१८ साली उत्तरा-हस्त कोरडे गेले. ऑक्टोबर संपता संपता शासनाने राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत बीड जिल्हाही होता. ती घोषणा स्वाती नक्षत्रात झाली. मोती पिकण्याच्या नक्षत्रात.

सरकारी व्यवहारानेही या संधिकाळाची दखल फार पूर्वीपासून घेतलेली आहे. महसुलात गावांची ‘खरिपाची गावे’ आणि ‘रब्बीची गावे’ अशी विभागणी असते आणि त्यानुसार पैसेवारी काढली जाते. रुपयाला सोळा आणे होते तेव्हापासूनचा ‘आणेवारी’ हा शब्द बोलीत अजून टिकून आहे. आष्टी १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होती. त्या संस्थानचे फसली वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बदलत असे. फसल म्हणजे पीक, हंगाम. पेशवाईच्या कागदपत्रांतील शुहूर सन मृगाच्या सूर्यप्रवेशाबरोबर सुरू होई, म्हणून त्याला ‘मृगसाल’ म्हणत. एक वर्ष मृगात सुरू होणारे, दुसरे हस्तात. मराठी साहित्याने मृगसालाची परंपरा पुढे चालविली आणि हस्तात सुरू होणारे वर्ष दप्तरातच राहिले, असे म्हटल्यास ते थोडे अतिशयोक्तीचे होईल. पण अगदीच निराधार होणार नाही.

आता साहित्यातील शरदाकडे वळता येईल. संस्कृत काव्यपरंपरेत शरद हा स्वच्छतेचा ऋतू आहे. निरभ्र आकाश, निवळलेले पाणी, कमळे, हंस, काशाची पांढरी फुले, पूर्ण चंद्र. कालिदासाच्या नावावर असलेल्या ‘ऋतुसंहारा’चा तिसरा सर्ग या ऋतूला वाहिलेला आहे. मराठी कवितेत हा वारसा प्रामुख्याने चांदण्याच्या रूपाने आला. कोजागिरी आणि शरद हे शब्द एकमेकांना चिकटूनच उच्चारले जातात. परंतु त्याच कालिदासाचा दुसरा शरदही आहे. ‘रघुवंशा’च्या चौथ्या सर्गात रघू दिग्विजयाला निघतो तो शरद ऋतूत, आणि कवी त्याचे कारण देतो ते चंद्रकमळांचे नव्हे. नद्या उतारयोग्य झाल्या आणि वाटांवरचा चिखल वाळला, म्हणून शरदानेच राजाला प्रस्थानाची प्रेरणा दिली, असे तेथे वर्णन आहे. हा सैन्याचा, बैलांचा, रस्त्यांचा शरद आहे. मराठी इतिहासात तो दसऱ्याच्या सीमोल्लंघनाने जिवंत राहिला. पावसाळा सरला, नद्या उतरल्या, वैरण उभी राहिली, की दसऱ्याला गाव सोडून मुलूखगिरीवर निघावयाचे. दसऱ्याला सोने म्हणून आपट्याची पाने लुटण्याच्या प्रथेशी जोडली गेलेली कौत्साची कथाही रघूचीच आहे, हा योगायोग लक्षणीय म्हटला पाहिजे.

‘निघण्याचा शरद’ ही परंपरा आष्टीत आजही चालू आहे. फक्त स्वारी बदलली. बीड जिल्हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो आणि आष्टी-पाटोदा-शिरूरचा डोंगरपट्टा त्याचा मोठा भाग आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ‘कारखान्याला’ निघतात. एका जोडप्याला ‘कोयता’ म्हणतात. एकटा माणूस म्हणजे ‘अर्धा कोयता’. माणसाची मोजणी त्याच्या हातातील हत्याराने व्हावी आणि नवराबायकोच्या जोडीचे एक अवजार व्हावे, या शब्दरचनेत जे आहे त्यावर भाष्य करण्याची गरज नाही. नद्या उतरल्या आहेत, वाटा वाळल्या आहेत, म्हणून ट्रक-ट्रॅक्टर निघतात. रघूचा ऋतू तोच. निघणाऱ्याचे पद मात्र राजाचे राहिलेले नाही.

संधिकाळातील खरा पेच येथे आहे. वाफसा येण्याचे दिवस आणि मुकादमाची गाडी येण्याचे दिवस एकमेकांच्या अंगावर येतात. उत्तरेत पाऊस झाला, हस्तात रान धरले, तर घरचे जाण्यापूर्वी ज्वारी पेरून होते. मागे राहिलेली वडीलधारी माणसे ती कोळपतात, राखतात. कोळपणीचे महत्त्व या जमिनीत विशेष आहे. ओल उडू लागली की काळी माती भेगाळते आणि त्या भेगांतून खालची ओलही निघून जाते. म्हणून पेरणीनंतर तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास कोळपून भेगा बुजवाव्या लागतात. हे काम तरण्या हातांचे आहे, आणि ते हात त्या वेळी उसाच्या फडात असतात. भोरड्यांचे थवे दाण्यावर उतरतात तेव्हा गोफण फिरविणारेही कमी असतात. माघ-फाल्गुनात ज्वारी काढणीला येते; ती बुंध्याशी धरून उपटावी लागते. त्या वेळी कारखान्याचा पट्टा पडलेला नसतो. पेरणारा हात एक आणि काढणारा दुसरा, अशी ही शेती आहे. हस्त कोरडा गेला तर पेच आपोआप सुटतो. पेरायचे काही उरत नाही आणि निघायचे तेवढे उरते. ज्याला ग्रामीण भागातील ‘स्थलांतराची समस्या’ म्हणून सभा-संमेलनांतून मांडले जाते, तिचा घरोघरचा निर्णय या पंधरा दिवसांत, आभाळाकडे पाहत घेतला जात असतो.

अशा निर्णयाचे चित्रण मराठी साहित्यात कितपत झाले आहे? दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्र’ (१९५६) या पुस्तकाने मराठीला महिन्यामहिन्याचा निसर्ग बारकाईने पाहावयास शिकविले; परंतु तो पाहणाऱ्याचा निसर्ग आहे, पेरणाऱ्याचा नव्हे, आणि लेखिकेची प्रतिज्ञाही तशी नव्हती. बहिणाबाईंची खानदेशातील काळी माती आणि ना. धों. महानोरांच्या ‘रानातल्या कविता’ (१९६७) ज्या अजिंठ्याच्या परिसरातून आल्या ती माती, दोन्ही मुख्यतः खरिपाचे मुलूख. त्यांच्या कवितेतील पेरणीचा उत्सव खरा आहे, पण तो मृगाचा आहे. महानोरांचे अनुकरण करणाऱ्यांनी तो उत्सव सरसकट सगळ्या मराठी शेतीवर पसरविला, हे मात्र नोंदवावे लागेल. आणि त्याचा दोष महानोरांकडे जात नाही. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ (२००२) मधले वऱ्हाड अधिक कठोर आहे, पण त्याचेही पंचांग खरिपाचेच.

हस्ताच्या मुलखाशी खरे नाते सांगणारी कादंबरी शोधायची तर व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’कडे (१९५५) जावे लागते. माणदेश आणि आष्टी यांत अंतर बरेच असले तरी दोन्ही प्रदेश एकाच पर्जन्यछायेत आहेत. तीच ओलीवरची ज्वारी, तीच मेंढरे, तीच वाट पाहणे. कादंबरीच्या अखेरीस पाऊस न पडल्याने वाडी रिकामी होते, माणसे मेंढरांसह निघून जातात. समीक्षेने या शेवटाचा विचार बहुधा दुष्काळाचे चित्रण, किंवा एका समूहजीवनाची अखेर म्हणून केला आहे. हस्ताच्या कालगणनेतून पाहिले तर तो काही आकस्मिक आघात राहत नाही. वाडी उठणे ही त्या मुलखात दरवर्षी संभवणारी, पंचांगात जागा असलेली गोष्ट आहे. त्या वर्षी ती सबंध वाडीला एकदम लागू झाली, इतकेच. माडगूळकरांच्या निवेदनात आक्रोश का नाही, याचे एक उत्तर त्यांच्या शैलीत आहेच. दुसरे या कालभानात असावे. निघण्याची सवय असलेल्या माणसांच्या निघण्याचे वर्णन मोठ्या आवाजात होत नाही.

त्याहूनही मागे जाता येते. महाराष्ट्री प्राकृतातील ‘गाथासप्तशती’त हालिक, पामर, शेत राखणारी स्त्री, प्रवासाला निघालेला पती वारंवार भेटतात. तेथे ऋतू हा बहुतेक वेळा कोण घरी आहे आणि कोण वाटेवर आहे, यावरून ओळखला जातो. पावसाळ्यात प्रवासी घरी परततो; आभाळ निवळले की पुन्हा निघतो. शृंगाराच्या चौकटीत बसविल्यामुळे या गाथांतील आर्थिक वास्तव दुय्यम मानले गेले. कृषिजीवनाच्या दृष्टीने त्यांचे वाचन केल्यास शरद हा विरहाचा ऋतू का झाला, याचे कारण शृंगाराइतकेच शेतीच्या वेळापत्रकातही सापडण्याची शक्यता आहे. संस्कृत शरदाचे चांदणे मराठीने घेतले; प्राकृत शरदाची वाट मागे राहिली.

लोकाचारांनी मात्र ती पूर्णपणे सोडली नाही. नवरात्रात घटाखाली शेतातली काळी माती पसरून तीत धान्य पेरतात. नऊ दिवसांत उगवलेले पिवळसर कोंब दसऱ्याला देवापुढून काढून टोपीत, पागोट्यात खोवतात. हा विधी म्हणजे रब्बीच्या बियाण्याची उगवण पाहण्याची जुनी रीत होती, असे अनेकदा सांगितले जाते. तसे निश्चित सिद्ध करणे अवघड आहे, आणि प्रत्येक विधीतून उपयुक्तता काढून दाखविण्याचा हट्टही बरा नव्हे. परंतु ज्या मुलखात पेरणी याच दिवसांत व्हावयाची असते, तेथे घरात नेमकी शेतातलीच माती आणून नेमके धान्यच पेरले जाते, या गोष्टीचा अर्थ खरिपाच्या मुलखातल्यापेक्षा वेगळा लागतो एवढे निश्चित. त्याच दिवसांत डोंगरउतारावर तरवड पिवळा होतो आणि त्याच्या फुलांच्या माळा घटावर चढतात. पंधरवडाभर आधी, उत्तरेत, पितरांना जेवू घातलेले असते. उत्तरा न पडली तर पितरांच्या ताटात काय वाढायचे, ही चिंता म्हणींतही उतरली आहे. ती भाविकतेपेक्षा पेवाची आहे.

गेल्या काही दशकांत महाराष्ट्रातील रब्बी ज्वारीखालचे क्षेत्र घटत गेले आहे. कडब्याऐवजी हत्तीगवत आणि मुरघास, भाकरीबरोबर पोळी, मोकळ्या काळ्या रानात कांदा व सोयाबीन. मोकळे ठेवलेले रान आता आळशाचे रान समजले जाते. शब्दही त्याबरोबर जातात. पाळी, मोगडणे, चाडे, नळा, वाफसा या शब्दांपैकी शेवटचा टिकेल असे दिसते, कारण ट्रॅक्टरलाही वाफसा लागतोच. ‘कोयता’, ‘उचल’, ‘पट्टा’ हे शब्द मात्र वाढत्या अर्थछटांसह सर्वत्र पसरले. एखाद्या बोलीच्या शब्दसंग्रहात पेरणीचे शब्द आक्रसत आणि निघण्याचे शब्द फुगत गेले, तर कोशकाराला ती केवळ भाषिक घटना म्हणून नोंदवून थांबता येणार नाही.

पट्टा पडून कोयते गावी परततात ते बहुधा फाल्गुन-चैत्रात. पाडव्याला गावोगाव पंचांग वाचले जाते. सोलापूरच्या दाते पंचांगातून किंवा दुसऱ्या एखाद्या पंचांगातून येत्या वर्षाच्या पावसाची नक्षत्रे व त्यांची वाहने सांगितली जातात. मृगाचे वाहन ऐकण्यासाठी सगळेच कान देतात. काळ्या रानाचा मालक उत्तरा आणि हस्त येईपर्यंत बसून राहतो.